गायरानातली पाइपलाइन बरीच वर्षं बंद होती, हक्क गेला का?

मंडळी, जाणकारांनी सांगा. आमची केळी तापीकाठच्या पट्ट्यात. नदी आणि शेताच्या मध्ये गावचं गायरान. १९९१ साली वडिलांनी जॅकवेल (नदीतून पाणी उचलायची काठावरची विहीर) बांधून गायरानातून पाइपलाइन आणली, महसूलची लेखी परवानगी काढूनच. २००८ मध्ये शेतातच बोअरला पाणी लागलं, मग नदीवरची मोटर काढली. पाइप जमिनीत तसेच आहेत. आता बोअर आटलं (यावल-रावेरकडच्यांना वेगळं सांगायला नको). लाइन पुन्हा सुरू करायला गेलो तर ग्रामपंचायत म्हणते, वापर नाही म्हणजे हक्क संपला, तिथून गटार जाणार. ओळखीचे एक जण म्हणतात, ईझमेंट कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी नेण्याच्या हक्काचा कायदा) २० वर्षांची मुदत आहे, २०२८ पर्यंत बिनधास्त राहा. खरं काय?

उत्तर १
भाऊ, बिनधास्त अजिबात राहू नका. १८८२ च्या त्या कायद्याचं कलम ४७ खरंच आहे: सलग २० वर्षं उपभोग नसेल तर हक्क संपतो. पण ते मुळात हक्क असेल तर. वहिवाटीने हक्क मिळायला खासगी जमिनीवर २० वर्षं लागतात, सरकारी जमिनीवर ३०. तुमचा वापर १७ वर्षांचाच, शिवाय तोही परवानगीने. परवानगी घेऊन केलेल्या वापरातून असा हक्क तयार होत नाही. तुमच्याकडे आहे तो परवाना, आणि त्याचं भवितव्य त्या आदेशातल्या अटींवर. मुदत किती, बंद राहिल्यास काय, सरकारला जमीन लागली तर काय, हे आधी वाचा.

एक आधार आहे: कलम ६० प्रमाणे परवान्यावर विसंबून खर्च करून कायमचं बांधकाम केलं असेल तर तो सहसा मागे घेता येत नाही. जॅकवेल त्यात बसेल असं मला वाटतं. पण आदेशातच 'केव्हाही रद्द' असं लिहिलेलं असेल तर अवघड.

धागाकर्ता
आदेशाचा कागद घरी सापडत नाही, दादा.

उत्तर २
तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाका, नाही दिली तर माहिती अधिकार. गटाराचं खोदकाम सुरू होण्याआधी तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या, पाइप आणि जॅकवेल जागेवर असल्याचा पंचनामा मागा. पोच घ्याच. आणि नदीतून पाणी उचलायचा पाटबंधारेचा परवाना वेगळा असतो, तो चालू आहे का?