मदत हवी आहे : पणजोबांचं वेबली, १९१७ चा शिक्का आणि कुतची गोष्ट

नमस्कार मंडळी,

जुन्या हत्यारांतलं किंवा पहिल्या महायुद्धातलं कुणाला कळत असेल तर थोडी मदत हवी आहे. विकायचं नाही, किंमतही विचारत नाही. परवाना वडिलांच्या नावावर चालू आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि नंतर परत आणायचं, हा घरातला ठरलेला कार्यक्रम.

रिव्हॉल्व्हर वेबली मार्क ६ आहे. .४५५ बोअर, सहा इंची नळी, मुठीखाली दोरी अडकवायची कडी. डाव्या अंगाचा खटका अंगठ्याने दाबला की बिजागरीवर उघडतं आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. म्हणजे जायच्या. आजीने वर्षानुवर्षं मायेने खोबरेल तेल चोळलंय, ते बिजागरीत घट्ट बसलंय. एका दिवाळीला काकांनी पॉलिश पेपर मारून नळीचा काळपट निळा रंगही घालवला. असो.

घरची गोष्ट अशी की पणजोबा मराठा पलटणीतून बसऱ्याला गेले, आजच्या इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात घोड्याचं मांस खाणार नाही म्हणून उपाशी राहिले आणि हेच हत्यार कमरेला लावून परत आले. लहानपणापासून ऐकतोय, कधी शंका आली नाही.

मागच्या महिन्यात टॉर्च लावून नीट पाहिलं तर फ्रेमवर १९१७ निघालं! कुतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचा जनरल टाउनशेंड शरण गेला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. शरण जाण्याआधी तोफा फोडल्या, हत्यारं नासवली, आणि माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. मग १९१७ साली बर्मिंगहॅमला घडलेलं रिव्हॉल्व्हर तिथे पोचलं कसं?

त्यात ट्रंकेतल्या डिस्चार्जच्या कागदावर, घडी फाटलीय तिथे, ‘११४’ वाचता येतंय. ११४ मराठा कुतमध्ये नव्हती. १९१८ च्या ऑक्टोबरात इराकमध्येच शरकातला लढली ती ही पलटण. हुद्दा हवालदार. हवालदाराच्या हाती रायफल असायची, रिव्हॉल्व्हर सुभेदार-जमादार आणि साहेबांकडे. म्हणजे पणजोबांकडे हे आलं कुठून?

अजून एक. कावळ्याच्या पायासारखी सरकारी बाणाची खूण आहेच, पण शेजारी तसेच दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेत. त्याचा अर्थ काय? आणि ते तेल कसं काढू?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद :
टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने हिशेबातून काढून विकलेला माल. तेव्हा ढापलेलं वगैरे नाही, निर्धास्त राहा. पणजोबांनी किंवा दुसऱ्या कुणी ते नंतर रीतसर विकत घेतलं असणार. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला पत्र टाकणार असाल तर ‘११४ मराठा’च्या जोडीला ‘५ व्या मराठाची १० वी बटालियन’ असंही लिहा. १९२२ ला पलटणींची नावं बदलली. तेलाचं म्हणाल तर आधी सहाही घरं रिकामी आहेत ना ते बघा, मग रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश. आणि काकांना लांब ठेवा.

धागाकर्ता :
काल रॉकेल लावलं. तासाभराने बिजागरी हलली, आतून पिवळा चिकट थर निघाला आणि पुंगळ्या उचलणारी चांदणी टप्पकन वर आली. वडील शेजारीच बसले होते, खूश झाले आणि नातवाला कुतची गोष्ट सांगायला लागले. १९१७ चं मी अजून बोललेलो नाही.