एकाच सर्व्हरमध्ये क्यूलॉजिकची दोन कार्डं: एक टार्गेट आणि एक इनिशिएटर, जमतं का?

विशाखा_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा छोटा स्टुडिओ आहे, लग्नांचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ एडिट करतो. सर्व्हरचं सगळं माझ्या गळ्यात, कारण बाकीच्यांना त्याच्या आवाजाचाच तेवढा त्रास असतो.

सर्व्हरवर डेबियन १२ आहे. त्यात क्यूलॉजिकच्या क्यूएलई२५६२ ची दोन फायबर चॅनेल कार्डं (स्टोरेज जोडायची), म्हणजे ८ गिगाबिटचे चार फायबर पोर्ट. मध्ये ब्रोकेड ३०० स्विच. पहिल्या कार्डाच्या एका पोर्टवरून एलटीओ-५ टेप लायब्ररी चालते, संपलेली प्रोजेक्ट रात्री टेपवर जातात. आता दुसऱ्या कार्डावरून एडिटिंगच्या दोन मशीनना डिस्क द्यायची आहे, म्हणजे ते कार्ड टार्गेट (डिस्क देणारी बाजू) करायचं, आणि टेपचं कार्ड इनिशिएटर (मागणारी बाजू) ठेवायचं.

नेटवर जिथे बघावं तिथे एकच सल्ला: मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘क्यूएलआयएनआय_मोड=डिसेबल्ड’ टाका, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइलसिस्टिम) नव्याने बनवा, रीबूट मारा. तसं केलं. टार्गेटसीएलआयमध्ये (टार्गेट मांडायच्या टूलमध्ये) पोर्ट आले, दुसऱ्या कार्डाच्या पोर्टवर लून (द्यायची डिस्क) लावला, पहिल्या एडिटिंग मशीनला तो दिसलाही. पण टेप गायब! एलएसएससीएसआय (जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवलं तर ना ड्राइव्ह ना चेंजर (टेप बदलणारा भाग). रात्रीचा बॅकअप अर्थातच पडला.

एक कार्ड टार्गेट आणि दुसरं इनिशिएटर असं एकाच मशीनमध्ये होतं का? की टेपसाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल? मालकांकडे आत्ता आणखी पैसे मागायची सोय नाही.

बाइटभाकरी
आजच्या काळात फायबर कशाला? दहा गिगाबिटचं नेटवर्क टाका, आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून डिस्क द्यायची पद्धत) लावा, सुखी व्हा.

ठाणेकर_फॅब्रिक
ताई, पैसे मागू नका. आहे त्याच दोन कार्डांत होतं. (बाइटभाकरी, आयस्कझीशी माझं वैर नाही. पण स्विच, कार्डं, केबल सगळं घरात असताना नवीन कशाला आणायचं?)

तुम्ही टाकलेली सेटिंग कार्डाची नाही, ड्रायव्हरची आहे. मशीनमधले क्यूलॉजिकचे सगळे पोर्ट एकच ड्रायव्हर सांभाळतो आणि ‘डिसेबल्ड’ याचा अर्थ असा की कुठल्याच पोर्टवर इनिशिएटर कधीच सुरू करायचा नाही. टेपचा पोर्टही त्यात आला. टेप ड्राइव्ह हा स्वतः टार्गेट असतो, आपणहून तो काही बोलत नाही. त्याला विचारणारा इनिशिएटर लागतो आणि तोच तुम्ही बंद करून ठेवलाय. टेप लायब्ररी धडधाकट असणार, तिच्याकडे संशयाने बघू नका.

त्या लेखांमध्ये ‘डिसेबल्ड’ असतं, कारण लिहिणाऱ्याच्या मशीनला एकच काम असतं. अख्खी पेटी स्टोरेज म्हणून उभी. तिथे ते बरोबरच आहे. तुमच्याकडे दोन कामं आहेत.

या सेटिंगला ‘एक्सक्लुझिव्ह’ असाही पर्याय आहे, आणि तुम्ही काहीच लिहिलं नाही तर ड्रायव्हर तोच धरतो. त्यात सगळे पोर्ट इनिशिएटर म्हणून उठतात. मग ज्या पोर्टवर तुम्ही टार्गेट चालू करता, तेवढाच पलटतो. ड्रायव्हर त्या पोर्टच्या फर्मवेअरला सांगतो की टार्गेट चालू, इनिशिएटर बंद, आणि पोर्ट नव्याने सुरू करतो. लिंक क्षणभर पडते, पोर्ट स्विचमध्ये पुन्हा लॉगिन करतो. टार्गेट काढून टाकलं की परत इनिशिएटर. शेजारचा पोर्ट त्याच कार्डावर असला तरी त्याला धक्का लागत नाही, कारण पीसीआयच्या हिशेबाने दोन्ही वेगळी उपकरणं आहेत. क्यूलॉजिकचा टार्गेट कोड लिनक्समध्ये ३.५ कर्नलपासून, म्हणजे २०१२ पासून आहे, तेव्हा हे काही प्रायोगिक प्रकरण नाही.

म्हणजे मॉडप्रोबच्या फाइलमधली ती ओळ काढा. पण नुसती काढून भागणार नाही, अपडेट-इनिटरॅमएफएस पुन्हा चालवा. ड्रायव्हर रूट डिस्क माउंट व्हायच्या आधीच लोड होतो आणि तो इनिटरॅमएफएसमधली जुनी नक्कल वाचतो. ओळ काढली, रीबूट केलं, तरी ‘डिसेबल्ड’च, असं म्हणून डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. रीबूटनंतर सिस-मॉड्यूलखाली ड्रायव्हरच्या पॅरामीटर्समध्ये बघा, ‘एक्सक्लुझिव्ह’ दिसलं पाहिजे. टार्गेटसीएलआयमध्ये टार्गेट फक्त दुसऱ्या कार्डाच्या पोर्टवर ठेवा. टेपच्या पोर्टला तिथे हातही लावू नका. शेवटी सेव्हकॉन्फिग (मांडणी जपून ठेवणारी कमांड).

आणि कॉन्फिगमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका, पोर्ट आत्ता काय आहे ते बघा. सिस-क्लास-एससीएसआय_होस्टखाली प्रत्येक होस्टची (म्हणजे इथे प्रत्येक पोर्टची) ‘ॲक्टिव्ह_मोड’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘इनिशिएटर’ किंवा ‘टार्गेट’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. चारही होस्टचं इथे टाका.

विशाखा_सांगली
काका, टेप आली!! चेंजर आणि ड्राइव्ह दोन्ही दिसतात. ॲक्टिव्ह_मोड असं आहे: तीन होस्टवर ‘इनिशिएटर’, एकावर ‘टार्गेट’. दुसऱ्या कार्डाचा एकच पोर्ट सध्या वापरतेय.

आता वेगळंच. पहिल्या एडिटिंग मशीनला लून दिसतो, दुसऱ्याला नाही. दुसऱ्यात एम्युलेक्सचं कार्ड आहे. स्विचवर झोन (कोणी कोणाशी बोलायचं ते ठरवणारा गट) केलाय, पोर्टचा दिवा हिरवा आहे. टार्गेटसीएलआयमध्ये एसीएल (परवानगी असलेल्या मशीनचा पत्ता) टाकलाय तो असा सुरू होतो: २०:००:००:००:सी९.

ठाणेकर_फॅब्रिक
तिथेच आहे उत्तर. २० ने सुरू होणारा हा नोडचा पत्ता झाला, पोर्टचा नव्हे. एम्युलेक्सचा पोर्टचा पत्ता १०:००:००:००:सी९ असा सुरू होतो. क्यूलॉजिकचा २१ ने. झोनमध्ये नोडचा पत्ता टाकला तर स्विच बहुतेक वेळा चालवून घेतो, एसीएल घेत नाही. स्विचवर ‘स्विचशो’ मारा, त्या पोर्टसमोर एफ-पोर्ट म्हणून जो पत्ता येतो तोच एसीएलमध्ये टाका. झोनमध्येही तोच ठेवा, आणि प्रत्येक एडिटिंग मशीनचा झोन वेगळा: एक इनिशिएटर आणि त्याला लागणारा टार्गेट, बस. टेपच्या झोनमध्ये या टार्गेट पोर्टला आणू नका.

स्विचवरून खात्री करायची असेल तर ‘एनएसशो -टी’ आहे. कुठला पत्ता इनिशिएटर म्हणून नोंदलाय आणि कुठला टार्गेट, ते त्यात कळतं. पोर्ट पलटला तरी पत्ता तोच राहतो, म्हणून जुना झोन मुकाट लागू राहतो. हा भाग लोक विसरतात.

एक विचारतो. दोन्ही मशीनना एकच लून देताय की वेगवेगळे?

पेंडिंग_कॉलम
ठाणेकरांनी लिहिलंय तसा, एक सेटिंग सगळ्या कार्डांना लागण्याचा घोळ इतर ठिकाणीही असतो. सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये इनिशिएटरचा ड्रायव्हर क्यूएलसी, टार्गेटचा क्यूएलटी. कार्डाच्या पीसीआय आयडीवर बांधणी बदलली की त्या आयडीची मशीनमधली सगळी कार्डं एकदम टार्गेट होतात.

आमच्याकडे नेटॅपचा फायलर (स्टोरेजची तयार पेटी) आहे. तिथे मात्र प्रकार पोर्टनिहाय बदलता येतो. एनडीएमपी या बॅकअपच्या प्रोटोकॉलने थेट टेपवर बॅकअप घ्यायला आम्ही एक पोर्ट टार्गेटचा इनिशिएटर केला. आधी त्यावरचे लिफ (लॉजिकल इंटरफेस) हलवायचे, ॲडॅप्टर डाउन करायचा, मग युनिफाइड-कनेक्टची मॉडिफाय कमांड. ती बिनतक्रार चालते आणि काहीच बदलत नाही! ‘करंट’ कॉलममध्ये टार्गेटच, ‘पेंडिंग’मध्ये इनिशिएटर. नोड (फायलरचा कंट्रोलर) रीबूट होईपर्यंत असंच. बँकेसारख्या ठिकाणी त्या रीबूटची परवानगी मिळवणं हेच खरं काम.

विशाखा_सांगली
स्विचशोमधला १० वाला पत्ता टाकला, लून लगेच दिसला. 🙏 ठाणेकर काका, एकच लून दोघांना द्यायचा विचार होता. दोघंही एकाच प्रोजेक्टवर काम करतात ना, फाइली कॉपी करायचा वेळ वाचेल. दोन्हीवर विंडोज आहे, एनटीएफएस.

ठाणेकर_फॅब्रिक
अजिबात नको! आत्ताच्या आत्ता एका मशीनवरून तो ऑफलाइन करा. टार्गेट नुसते ब्लॉक देतो, त्यावर फाइलसिस्टिम कोणती आहे हे त्याला ठाऊकही नसतं. एनटीएफएस असं धरून चालते की डिस्क तिच्या एकटीची आहे. दोन्ही मशीन आपापल्या मेमरीतल्या यादीप्रमाणे लिहीत राहतील, कोणी एरर देणार नाही, आणि एक दिवस कोणाच्या तरी लग्नाचं फुटेज अर्धं निघेल.

दोघांना वेगवेगळे लून द्या. टार्गेटसीएलआयमध्ये एसीएलखाली प्रत्येक पत्त्याला त्याचाच लून जोडायचा. ‘ऑटो_ॲड_मॅप्ड_लून्स’ बंद करून घ्या, नाहीतर नवीन लून तो आपणहून सगळ्यांना वाटतो. सामायिक फोल्डर हवं असेल तर ते त्याच सर्व्हरवरून साम्बाने (विंडोजला नेटवर्कवर फोल्डर देणाऱ्या प्रोग्रॅमने) द्या. फायबरवर जड फुटेज, नेटवर्कवर सामायिक फाइली, अशी विभागणी तुमच्या कामाला पुरेल.

विशाखा_सांगली
बापरे. दुसऱ्या मशीनवर ऑफलाइन केला, त्यावर अजून काही लिहिलं नव्हतं. आज दुसरा लून बनवते. शेवटचं एक: वीज गेली आणि सर्व्हर नव्याने उठला तर टार्गेट आपोआप येईल ना? इकडे वीज जाते हो.

ठाणेकर_फॅब्रिक
सेव्हकॉन्फिग केलं असेल आणि टार्गेटची सर्व्हिस एनेबल असेल तर येईल. फक्त ‘एक्सक्लुझिव्ह’मध्ये पोर्ट आधी इनिशिएटर म्हणून उठतो, सर्व्हिस चालू झाली की मग पलटतो. मधल्या वेळात एडिटिंगच्या मशीनना डिस्क दिसणार नाही. वीज आली की आधी स्विच, मग सर्व्हर, ॲक्टिव्ह_मोड बघायचा, आणि मगच एडिटिंगची मशीन. सर्व्हरला यूपीएस असेलच, स्विचलाही त्यावरच घ्या.