बदकाची अंडी, २४ वा दिवस: जिवंत आहेत का हे पाण्यात सोडून बघावं का?

पाणथळ: खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकाची अंडी आहेत, पंख्याचा इनक्युबेटर (अंडी उबवायचं यंत्र), ३७.५ अंश, आर्द्रता ५५ टक्के. टॉर्च लावला की बहुतेक अंडं काळंच दिसतं. कोमट पाण्यात जिवंत अंडं डुलतं म्हणे. करून बघू का?

खुडूक: अजिबात नको. कवचाला बारीक छिद्रं असतात, पिल्लाचा श्वास त्यातूनच चालतो. पाणी अंड्यापेक्षा जरा गार असलं की आतली हवा आकसते आणि जंतूंसकट पाणी आत खेचलं जातं. केसाएवढी चीर असली तर पिल्लू बुडूनच मरायचं. शिवाय रुंद टोकाची हवेची पोकळी वाढलेली असल्याने मेलेलं अंडंही तरंगतं.

काळं दिसतंय ते चांगलंच, पिल्लाने जागा भरलीय. खोलीत अंधार करा, बारीक झोताचा टॉर्च रुंद टोकाला टेकवा आणि हवेच्या पोकळीची कड बघा. तिथे लालसर शिरा ठळक हव्यात. अंडं मिनिटभर स्थिर धरा, सावली हलताना दिसेल. नाही हलली तरी लगेच फेकू नका, पिल्लू निवांत असू शकतं. शिरा दिसत नाहीत, कड धूसर झालीय आणि अंडं तिरपं केल्यावर आत नुसतं पाणी हिंदकळतंय, तर ते गेलं.

तराजू: वजनही करा. २५ व्या दिवसापर्यंत साधारण १२ ते १४ टक्के घटायला हवं, म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं ६०-६२ वर. पण त्यासाठी पहिल्या दिवशीचं वजन लिहिलेलं हवं. घट कमी असेल तर आर्द्रता जास्त झालीय, पोकळी लहान राहते आणि पिल्लाला बाहेर पडताना हवा पुरत नाही. घट फार झाली तर आतला पापुद्रा वाळून अंगाला चिकटतो.

पाणथळ: वजन लिहिलं नव्हतं. एका अंड्याची पोकळी एका बाजूने खाली उतरलीय, आणि एकाला वास येतोय.

खुडूक: पोकळी तिरकी होणं शुभ आहे, पिल्लू तयारीला लागलंय. पुढे पोकळीत चोचीची सावली दिसेल, कानाशी धरलं तर टकटक किंवा चिवचिवही. वासाचं अंडं मात्र आत्ताच काढा. न हलवता पिशवीत घालून बाहेर, नाहीतर फुटलं की सगळ्या ट्रेवर घाण. हात धुवून मगच बाकीच्यांना लावा.

तराजू: उद्यापासून अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ७० च्या आसपास, झाकण शक्यतो उघडायचं नाही. चोचीने आतला पापुद्रा फोडल्यावर कवचाला भोक पडायला एखादा दिवस लागतो, तिथून बाहेर यायला आणखी २४ ते ४८ तास. घाईने कवच सोलू नका, शिरांमधलं रक्त आणि बलक आत ओढून घ्यायचं काम तेव्हाच चालू असतं. आणि ही अंडी मस्कोव्ही बदकाची असती तर हे सगळं आठवडाभर पुढे, ती ३५ दिवस घेतात.