मदत हवी आहे: 'आयसिकल'ची डोलकाठी नेमकी कुठे?

हडसन नदीच्या बर्फावर धावणाऱ्या जॉन रूझवेल्ट यांच्या 'आयसिकल' या शिडाच्या नौकेचं १:२४ मॉडेल सागवानात करतोय. लांबी ६८ फुटांवर, शिडं हजार चौरस फुटांहून जास्त (अवाढव्यच प्रकार!). आडव्या फळीच्या दोन टोकांना बर्फावर घसरणारी दोन पाती, सुकाणूचं तिसरं मागे, इथवर जमलं. पण मला मिळालेल्या फोटोंत डोलकाठीचा बुंधा माणसांच्या आड गेलाय. १९३७ च्या डेट्रॉइटच्या डीएन (डेट्रॉइट न्यूज) या बर्फावरच्या छोट्या नौकेचे आराखडे सहज मिळाले, पण तिचं सुकाणू पुढे आणि शीड जेमतेम ६० चौरस फूट, म्हणून कामाचे नाहीत. इंग्रजी पुस्तक किंवा स्कॅन चालेल. प्रत्यक्ष नौका पाहायला जाणं शक्य नाही. १८७० च्या सुमारास अशा नौकांची डोलकाठी आडव्या फळीवरच उभी करत की तिच्या पुढे, आणि पुढे असेल तर साधारण किती?