क्यू आहे, यू नाही, मग काय?

स्क्रॅबलमध्ये, म्हणजे पटावर अक्षरं मांडून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात, क्यू आला आणि बहुतेक शब्दांत त्याच्यामागे लागणारा यू मिळेना तर काय करायचं, असं एकाने विचारलंय. रत्नागिरीत पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडे मुलांबरोबर हाच पट मांडला जातो, म्हणून थोडी भर घालतो.

क्यूचे 10 गुण, पण डाव संपताना तो हातात राहिला तर तेच 10 वजा होतात. म्हणून तो धरून बसू नये. पटावर मोकळी जागा असलेला आय दिसला की त्याच्या आधी क्यू लावून टाका. 'क्यू-आय' हा दोन अक्षरांचा शब्द चालतो. त्याशिवाय क्यू-ए-टी, क्यू-ए-आय-डी आणि एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीर, एवढे पाठ असले तरी पुष्कळ झाले.

वनलुक या इंग्रजी शब्द शोधायच्या संकेतस्थळावर शोधताना माहीत नसलेल्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांसाठी तारका टाकायची. मात्र तिथे विशेषनामं आणि दोन-दोन शब्दांच्या जोड्याही येतात, त्या खेळात बाद. चालणाऱ्या शब्दांची कुठली यादी मानायची हेही आधीच ठरवा. 'झेड-ओ' हा शब्द कॉलिन्स या ब्रिटिश कोशाच्या यादीत आहे, अमेरिकेतल्या यादीत नाही, आणि नेमकी त्यावरूनच भांडणं होतात!

मुलांना मात्र याद्या घोकायला लावू नका, अशी कळकळीची विनंती. काथ्या आणि सुकं खोबरं त्यांच्या रोजच्या बघण्यातलं; सी-ओ-आय-आर आणि सी-ओ-पी-आर-ए एकदा सांगितले की ती स्वतःहून लावतात.