फ्रेंच कादंबरीतलं पॅरिस: आधी वास, मग शहर

तिरकस
फ्रेंच कादंबऱ्यांचा विषय निघाला की ‘पॅरिस म्हणजे प्रेम, कॅफे, नदीकाठचे दिवे’ ही टेप लागतेच. माझं म्हणणं, ते पॅरिस टूरवाल्यांचं. कादंबरीकारांचं पॅरिस आधी नाकात शिरतं.

बाल्झॅकचं ‘पेर गोरियो’ (१८३५) उघडा. वोकेबाईंच्या राहण्या-जेवणाच्या घरात पाऊल टाकलं की पहिली गाठ वासाशी. कोंदट, खवट, बुरसलेला. बाल्झॅक म्हणतो, याला भाषेत शब्दच नाही. गोष्ट बरीच लांब राहते, आधी कळकट टेबलं आणि खुर्च्या.

झोलाच्या ‘पॅरिसचं पोट’मध्ये (१८७३) फ्लोराँ काळ्या पाण्यावरून पळून येतो. उपाशी, भाजीच्या गाडीत गाजर-कोबीवर आडवा पडून तो शहरात शिरतो, थेट ले आलच्या बाजारात. पुढे चीजच्या दुकानात तीन बायका त्याच्याविषयी कुचाळक्या करतात आणि जसजशा जिभा सैल सुटतात तसतसा चीजचा दर्प चढत जातो. यात रोमान्स कुठे दिसला ते सांगा.

बोरूबहाद्दर
वास मान्य, निष्कर्ष अमान्य. नावं ठेवली म्हणजे माया नाही, असं कुठे असतं?

ह्यूगोचं ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) घ्या. जखमी मारियुसला पाठीवर घेऊन जाँ वालजाँ गटारात उतरतो. वाचक श्वास रोखून बसलेला, आणि ह्यूगो मध्येच गटारांचा इतिहास सांगायला बसतो! म्हणे पॅरिस दरवर्षी अडीच कोटी फ्रँक पाण्यात घालतं. कसे? मैला शेतात न टाकता नदीत सोडून. (आपल्याकडे ‘सोनखत’ हा शब्द आहे, त्याला मिळाला असता तर चार पानं वाचली असती.) हे पुस्तक छापलं गेलं तेव्हा तो गर्न्सी बेटावर परागंदा होता. पॅरिस सोडून दहा वर्षं उलटलेली. माहेर तुटलेल्या बाईने माहेरच्या मोरीचंसुद्धा वर्णन करावं, तसं आहे ते.

तिरकस
ह्यूगोची माया दगडांवर. ‘नोत्र दाम’मध्ये (१८३१) तो गोष्ट बाजूला ठेवून मनोऱ्यावर चढतो आणि पंधराव्या शतकातलं अख्खं पॅरिस पक्ष्यासारखं वरून दाखवतो. पडझड झालेल्या त्या चर्चकडे लोकांचं लक्ष गेलं, १८४४ साली दुरुस्ती व्हियोले-ल-द्युक आणि लासूस या वास्तुविशारदांकडे आली, हे त्याचं मोठं श्रेय. पण एवढ्या उंचावरून माणूस दिसत नाही.

आता झोलाचं ‘लासोमुआर’ (१८७७). जेर्व्हेज या धोबिणीचं लग्न. पावसामुळे वऱ्हाडी खोळंबलेले, वेळ काढायला लूव्रमध्ये घुसतात. चित्रं बघून डोळे फिरतात, दालनांमागून दालनं, बाहेर पडायची वाट सापडेना! मग वांदोमच्या स्तंभावर चढतात. खाली पॅरिस पसरलेलं, आणि ही मंडळी भांडतायत कशावरून, तर संध्याकाळी जेवायला जायची ती खानावळ नेमकी कुठे दिसते यावरून. उंची तीच, पण ह्यूगोला वरून जे दिसतं ते यांच्या गावीही नाही.

कोपऱ्यातला
तुम्ही दोघं एकोणिसाव्या शतकातून बाहेर या बघू. पॅरिसचा सरकारी प्रशासक ओसमानने १८५३ ते १८७० मध्ये गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले, तेव्हाच कवी बोदलेअरने एका कवितेत पिंजऱ्यातून सुटलेला हंस कोरड्या फरसबंदीवर पाय घासताना दाखवला. त्यात म्हणतो, शहराचं रूप माणसाच्या मनापेक्षा लवकर पालटतं. तिरकसरावांचं ले आलसुद्धा १९६९ साली पॅरिसबाहेर रुंजिसला गेलं, आता तिथे जमिनीखाली मॉल आहे.

मला विसाव्या शतकातला लेखक पेरेक पटतो. ऑक्टोबर १९७४ मध्ये तीन दिवस सँ-स्युल्पिस चौकात बसला आणि दिसेल ते लिहीत गेला. ६३ नंबरची बस. ८६ नंबरची बस. कबुतरं उडाली. ना वास, ना माया.

बोरूबहाद्दर
याला साहित्य म्हणायचं तर आमच्या नाक्यावरचा वॉचमन नोबेलला पात्र आहे.

मीनल_पूर्वी_फ्रान्स
मी दोन वर्षं पॅरिसबाहेर राहून रोज आरईआर बी लोकलने आत जायचे. पत्ता विचारला की मी ‘पॅरिस’ म्हणायचे आणि तिथले लोक लगेच विचारायचे, ‘पॅरिस म्हणजे आतलं की बाहेरचं?’ तुमच्या यादीतली सगळी पुस्तकं आतलीच आहेत. फ्राँस्वा मास्पेरोने मात्र हीच लोकल पकडून स्टेशनास्टेशनावर उतरत उपनगरं पालथी घातली, सोबत एक फोटोग्राफर बाई. पुस्तक १९९० सालचं. तो रोज रात्री पॅरिसला परतला नाही, वाटेतच मुक्काम करत गेला. ज्या स्टेशनांवरून मी पेंगत जायचे तिथे माणसं राहतात हे मला त्या पुस्तकामुळे दिसलं, आणि तोवर माझी परतायची वेळ आली होती.

तिरकस
मास्पेरो वाचलेला नाही, मागवतो. वास येतो का त्यात?

मीनल_पूर्वी_फ्रान्स
लोकलचा येतो. ओल्या कोटांचा. तो तर मी पुस्तकाशिवायही सांगू शकते.