टॉपवॉटर बास : दरवर्षी नेमकं कधी सुरू करायचं? (मदत हवी आहे)

कातरवेळ
बास (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) उथळ पाण्यात आलेत, डोळ्यांना दिसताहेत. पॉपर, स्पूक, फ्रॉग, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायची नकली आमिषं (टॉपवॉटर ल्युअर), सगळं टाकून झालं, एकही मासा वर येत नाही. त्याच जागी स्टिकवर्म (बुडणारा मऊ नकली किडा) सोडला की लगेच घेतात. पाणी किती तापलं की टॉपवॉटर सुरू करायचं हे वाचायला जावं तर कुणी ५० अंश फॅरनहाइट म्हणतं, कुणी ६०, कुणी थेट ७०. मला एक आकडा हवाय. ल्युअर कोणता घ्यावा ही चर्चा कृपया नको, सगळे आहेत माझ्याकडे.

रानतळं
कुठलं राज्य? नैसर्गिक तळं की नदीवरचं धरण? बासची जात लार्जमाउथ की स्मॉलमाउथ? पाणी नितळ की गढूळ? आणि मुख्य म्हणजे तापमान किती आणि किती वाजता मोजलेलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. फ्लॉरिडाच्या दक्षिणेला लार्जमाउथ हिवाळ्यातच अंडी घालायला लागतात, उत्तरेकडच्या राज्यांत मे-जून उजाडतो. "दरवर्षी कधी" याचं तारखेत उत्तर देता येत नाही.

गळटोक
६० अंश फॅरनहाइट. सेल्सियसमध्ये साधारण साडेपंधरा. आकडा मागितलात, हा घ्या. त्याखाली बासचं पचन मंद असतं, त्यामुळे तळाशी हळू सरकणारं भक्ष्य तो घेतो, पण पृष्ठभागावर झेप घ्यायला जोर खर्च करत नाही. तुमचा स्टिकवर्म चालतोय आणि पॉपर चालत नाही तो याचमुळे.

दक्षिणवारा
६०ची वाट कशाला बघायची? ५५लाही बझबेटवर (पृष्ठभागावर पातं फिरवत ओढायचा ल्युअर) बास येतो. अट एकच, पाणी चढतं हवं. ५० वरून चढत ५५ला आलेलं पाणी आणि ६० वरून घसरत ५५ला आलेलं पाणी, दोन्हीकडे मासा वेगळा वागतो. सलग तीन-चार रात्री उबदार गेल्या की बघा. ३/८ औंसाचा बझबेट, पातं मोठं, आणि ते जेमतेम फिरत राहील इतकंच सावकाश ओढायचं. मोठं पातं कमी वेगातही ल्युअर वर धरून ठेवतं. छोट्या पात्याचा वेग कमी केला की बुडतो.
शिवाय शॅड (बासचं भक्ष्य असलेले छोटे मासे) अंडी घालायला लागले की पहाटे दगडी बांध आणि तरंगते धक्के सोडू नका. ऊन चढलं की तो खेळ थांबतो.

कातरवेळ
दक्षिण मिशिगन, नैसर्गिक तळं, लार्जमाउथ, पाणी नितळ. कायाकवर (छोटी वल्ह्याची होडी) फिशफाइंडर आहे, मासे आणि पाण्याचं तापमान दाखवणारं यंत्र, तो ६१ दाखवतो. म्हणजे गळटोक यांच्या हिशेबाने सुरू व्हायला हवं होतं. होत नाहीये.

रानतळं
६१ किती वाजता?

कातरवेळ
दुपारी साडेतीन-चार. सकाळी ५३-५४.

रानतळं
मग उत्तर मिळालं. फिशफाइंडरचा सेन्सर पृष्ठभागाजवळचं पाणी मोजतो. वारा नसलेल्या उन्हाच्या दुपारी वरचा पातळ थर झटकन तापतो, रात्रीत पुन्हा उतरतो. मासा ज्या पाण्यात उभा आहे ते अजून पंचावन्नच्या आसपास आहे. सकाळचं, ऊन पडण्याआधीचं तापमान धरा. ते सलग तीन-चार दिवस ६०च्या वर राहिलं की सुरुवात करा.
त्याआधी हात शिवशिवत असतील तर तळ्याच्या उत्तर काठाचे आत शिरलेले कोपरे गाठा. तिथे उत्तरेचा गार वारा लागत नाही आणि दक्षिणेकडचं ऊन दिवसभर मिळतं. तळ काळ्या चिखलाचा असेल तर आणखी बरं, तो उष्णता धरतो. असा कोपरा बाकी तळ्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम सापडू शकतो. दुपारी उशिरा जा, पहाटे नको. वसंतात पहाट ही सगळ्यात गार वेळ, उन्हाळ्याची सवय इथे उलटी पडते.

शेवाळ
तापमापक ठेवा बाजूला. कमळाची पानं पृष्ठभागाला टेकून पसरली की फ्रॉग सुरू, एवढंच लक्षात ठेवा. पानं तळ्याचं ऊन स्वतः मोजत असतात. पानं नसताना उघड्या पाण्यात फ्रॉग टाकणं म्हणजे वेळ घालवणं. ५०-६५ पौंडी ब्रेड (विणलेली लाइन), सात फुटी हेवी रॉड. फटका दिसला की लगेच ओढू नका, लाइनवर वजन जाणवू द्या, मग जोरात.

गळटोक
पानांची वाट बघत बसलं तर अंडी घातल्यानंतरचे सुरुवातीचे चांगले दिवस हातचे जातात. ज्या तळ्यात कमळच नाही त्यांनी काय करायचं?

शेवाळ
तिथे किनाऱ्यावर झुकलेली झाडं आणि लाकडी धक्के असतातच. फ्रॉग सावलीखाली सरकवता येतो, पॉपर फांदीत अडकतो.

दक्षिणवारा
नरांवर कुणी बोललं नाही. अंडी फुटल्यावर नर बास पिल्लांचा थवा राखत फिरतो आणि त्याच्यावरून काहीही गेलं तर तुटून पडतो. उथळ पाण्यात पिल्लांच्या थव्याचा काळा ठिपका हलताना दिसला की पॉपर त्याच्या पलीकडे टाकून वरून आणा. हमखास.

गळटोक
याला माझा विरोध आहे. नर घरट्यावरून किंवा पिल्लांवरून हटला की ब्लूगिल (तळ्यातले छोटे चपटे मासे) लगेच घुसतात आणि अंडी-पिल्लं फस्त करतात. मासा सोडला तरी तो परत येईपर्यंत नुकसान झालेलं असतं. मोठं धरण सोसेल, लहान तळ्यात हे करू नये.

दक्षिणवारा
पाण्यातच हुक काढून तिथल्या तिथे सोडला तर नर बहुतेक वेळा परत येतो.

रानतळं
तोवर ब्लूगिल थांबत नाहीत. गळटोक यांच्याशी सहमत. आणि शॅडचा सल्लाही इथे लागू नाही. थ्रेडफिन जातीचा शॅड दक्षिणेकडच्या धरणांतला, पाणी ४५च्या खाली गेलं की मरायला लागतो, मिशिगनचा हिवाळा तो काढत नाही. अशा तळ्यात मुख्य भक्ष्य ब्लूगिल. पाणी सत्तरीकडे गेलं की ते उथळ वाळूवर वसाहतीने घरटी करतात, तळाला थाळ्यांसारखे गोल दिसतात. अंडी घालून झालेले भुकेले बास त्यांच्या कडेला, खोल बाजूला उभे असतात. दक्षिण मिशिगनमध्ये हे मेच्या शेवटापासून जूनभर. पॉपर वसाहतीच्या मधोमध नको, कडेच्या खोल बाजूवरून आणा. दोन झटके, मग तरंग विरेपर्यंत थांबा.

चौदाइंची
मिशिगनमध्ये बास पकडून लगेच सोडणं वर्षभर चालतं. ठेवायचे असतील तर बहुतेक पाण्यांत मेमोरिअल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधीच्या शनिवारपासून ३१ डिसेंबरपर्यंत. लेक सेंट क्लेअर, सेंट क्लेअर नदी आणि डेट्रॉइट नदीत जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून. किमान १४ इंच, लार्जमाउथ-स्मॉलमाउथ मिळून दिवसाला ५. वय १७ आणि पुढे परवाना लागतो, जुना ३१ मार्चला संपतो.

कातरवेळ
ठेवायचे नाहीतच, सोडूनच देतो. सकाळचे ६० हा हिशेब पटला. पण उत्तर काठाच्या कोपऱ्यात स्पूक टाकला तर तो डावी-उजवीकडे चालतच नाही, नाक पाण्यात घालतो. पॉपरही थुंकत नाही, बुडून गुडगुडतो. हे पण गार पाण्यामुळे?

गळटोक
पाण्याचा संबंध नाही. लाइन कोणती?

कातरवेळ
फ्लुरोकार्बन, १२ पौंड. स्टिकवर्मचीच रॉड.

गळटोक
फ्लुरोकार्बन बुडतो आणि ल्युअरचं नाक खाली ओढतो. टॉपवॉटरला मोनो (एकेरी नायलॉनची लाइन) किंवा ब्रेड. ३० पौंडी ब्रेड घेतलीत तर पुढे १८-२४ इंच जाड मोनोचा तुकडा जोडा, १५-२० पौंडी. नुसती ब्रेड लुळी असते, ल्युअर थांबला की पुढच्या ट्रेबलमध्ये (तीन टोकांचा हुक) गुरफटते. स्पूकला गाठ फासाची बांधा, घट्ट गाठीने नाक आखडतं. रॉडचं टोक खाली ठेवून छोटे झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर लाइन सैल सोडा. सैल मिळाली नाही तर तो वळत नाही. रॉड मीडियम, सहा फूट दहा इंच ते सात फूट. फार ताठ असेल तर ट्रेबल माशाच्या तोंडातून फाटून निघतात.

शेवाळ
यातलं काहीच फ्रॉगला लागत नाही. सरळ ब्रेड बांधायची.

कातरवेळ
मोनो गुंडाळतो आणि सकाळचं तापमान बघत राहतो. बाकी चर्चा चालू द्या.

पाणवेल
धागा आयता उघडा आहे म्हणून विचारतो, पोकळ रबरी फ्रॉगमध्ये पाणी शिरून तो बुडायला लागतो. उपाय?

शेवाळ
पाणी हुकच्या दांड्याजवळच्या भोकातून शिरतं. पोट वर करून दाबा, निघेल. दर पाच-सहा फेकींनंतर दाबत राहा. फार शिरत असेल तर पूर्ण वाळवून पुढच्या भोकाला दांड्याभोवती रबरी गोंद लावा. मागचं मात्र उघडं ठेवा. तेही बंद केलं तर आतली हवा निघत नाही, फटक्याला अंग दबत नाही आणि हुक झाकलेलेच राहतात.